आमची वाटचाल : सुईने घडवलेली लोकर

ठाण्यात नौपाड्यातील राहत्या घराच्या मागच्या खोलीत आम्ही लोकरीच्या शोभेच्या वस्तू तयार करतो. दारावरची तोरणे, गौरी-गणपतीच्या आराशीसाठी कमळे आणि मूषक, संक्रांतीची वाणे, नाताळचे तारे असे कामाचे स्वरूप आहे. यातील एकही वस्तू विणलेली वा शिवलेली नसते. पिंजलेली मोकळी लोकर केवळ सुईने टोचून टोचून घट्ट केली जाते आणि त्या घट्ट होण्यातूनच आकार येतो. या पद्धतीला नीडल फेल्टिंग म्हणतात. नमदा, म्हणजे लोकर न विणता दाबून केलेले जाड कापड, करताना साबणाचे कोमट पाणी आणि रगडणे जे काम करतात, ते येथे कोरड्या लोकरीवर सुई करते.

ही सुई शिवणकामाची नव्हे. ती मुळात कारखान्यांतील यंत्रांसाठी घडवली गेली आणि अमेरिकेत १९८० च्या दशकात हस्तकलेत आली. तिच्या धारांवर टोकाकडे झुकलेल्या बारीक खाचा असतात. सुई आत जाताना या खाचा लोकरीचे काही तंतू ओढून नेतात, बाहेर येताना मात्र ते तंतू आतच राहतात, आणि लोकरीच्या केसावर सूक्ष्म खवले असल्यामुळे एकमेकांत अडकून बसतात. मुख्य आकारासाठी आम्ही ३६ आणि ३८ गेजच्या सुया (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी सुई बारीक) वापरतो, तर शेवटचा हात ४० गेजच्या बारीक सुईचा असतो. सुई ज्या कोनात आत गेली त्याच कोनात बाहेर यावी लागते. आत असताना मनगट वळले की टोक मोडते. मोडलेले टोक लोहचुंबकाने शोधून काढल्याशिवाय ती वस्तू पुढे जात नाही, हा आमच्याकडचा सर्वांत जुना नियम आहे.

ठाण्याला लोकर नवी नाही. येथील रेमंडच्या गिरणीची सुरुवात १९२५ सालची असून माझे सासरे तेथे कामाला होते. लोकर पारखणे मी त्यांच्याकडून शिकले. चिमूटभर तंतू दोन्ही हातांनी ताणून कानाजवळ धरायचे आणि बोटाने टिचकी मारायची. स्वच्छ टणत्कार आला तर लोकर दमदार, चरचर ऐकू आली तर तंतू मध्येच कमजोर. बाजारात लोकर म्हणून मिळणारा धागा पुष्कळदा ॲक्रिलिकचा असतो. त्याची खूण जाळून पटते : खरी लोकर केस जळाल्याचा वास देऊन लगेच विझते, ॲक्रिलिक वितळून त्याची टणक गोळी होते.

प्रारंभी आम्ही संपूर्ण वस्तू आयात केलेल्या मेरिनो लोकरीची करत असू. मेरिनो अतिशय तलम आणि रंगांना सुरेख, पण महाग, आणि तिचा जाड गोळा घट्ट व्हायला फार वेळ लागतो. वस्तूचा गाभा तर कोणालाच दिसत नाही. त्या गाभ्यासाठी दख्खनी मेंढीची जाडसर लोकर वापरून पाहावी, ही सूचना सासऱ्यांचीच. सातारा-सोलापूरकडच्या धनगरांची घोंगडी ज्या लोकरीची होते तीच ही लोकर. घोंगड्यांचा खप घटल्याने तिला आज इतका कमी भाव मिळतो की, कातरणीचा खर्चही निघत नाही म्हणून ती कित्येकदा फेकून दिली जाते. आमच्या सुईखाली मात्र ती लवकर आवळते आणि वस्तूला वजन देते.

तिचा काळा रंग ही अडचण होती, कारण वरच्या पांढऱ्या थरातून काळे केस डोकावतात. त्यामुळे फिकट वस्तूंचा गाभा आजही बिकानेरहून येणाऱ्या पांढऱ्या लोकरीचा असतो. पण मूषकाला तोच काळा-करडा रंग न रंगवता शोभतो, आणि ज्या सणाला काळे नेसण्याची प्रथा आहे त्या संक्रांतीसाठी काळ्या पतंगांचे, हलव्यासारखे पांढरे ठिपके असलेले तोरण आम्ही केले. आमच्या सर्व वस्तूंमध्ये मला ते अधिक प्रिय आहे.

ठाण्याची दमट हवा या व्यवसायाला अनुकूल नाही. लोकर धुतल्यावर सावलीत सुकवावी लागते आणि आषाढात ती सुकतच नाही, म्हणून वर्षाची सारी धुलाई मृगापूर्वी उरकली जाते. त्यानंतर भीती कसरीची. कडुनिंबाच्या पाल्यावर आम्ही विसंबत नाही. माल घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवतो आणि शंका आली की ती पिशवी काही दिवस फ्रीझरमध्ये जाते.

चरई आणि कळव्यातील काही भगिनी आपापल्या घरी आमच्यासाठी काम करतात. त्यांना मोबदला नगावर नव्हे, तासावर दिला जातो. नगावर पैसे ठरले की हात घाई करतो, वस्तू वरून छान पण आतून पोकळ राहते, आणि वर्षभरात तिच्यावर लव उठून आकार बिघडतो. विकत घेताना हा फरक डोळ्यांना कळत नाही, अंगठ्याने दाबल्यावर कळतो. म्हणून प्रदर्शनात आम्ही प्रत्येकाला वस्तू दाबून पाहायला सांगतो. कमी टोचून स्वस्तात देण्याच्या अटीवर आलेली घाऊक मागणी आम्ही नाकारली आहे आणि पुढेही नाकारू.

खेळण्यांसाठी १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणन सक्तीचे झाले. आमच्या वस्तूंना तारा आणि मणी असतात, त्या लहान मुलांच्या तोंडात जाऊ नयेत, म्हणून प्रत्येकीवर ‘शोभेची वस्तू, खेळणे नव्हे’ अशी चिठ्ठी लावलेली असते. ती कृपया गांभीर्याने घ्यावी.

यंदापासून पिंजण्याचे हातयंत्र आले आहे आणि कळव्यातील एक भगिनी ते चालवण्यात तरबेज झाली आहे, त्यामुळे दख्खनी लोकर आता थेट मेंढपाळांकडून कच्च्या स्वरूपात घेता येते. गणपतीच्या आराशीची मागणी आम्ही आषाढ संपेपर्यंत नोंदवतो. त्यानंतर आलेली मागणी दिवाळीच्या कामात धरली जाते.