एक संसार पुरत नाही का?

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो सासूबाईंनी, 2009 साली. मग नणंदेनं, ऑफिसातल्या दोघींनी, भाचीच्या नवऱ्यानं, आणि गेल्या महिन्यात लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकांनी. शब्द इकडचे तिकडे, मुद्दा तोच: बाई दिवसभर नोकरी करते, घरी येऊन कुकर लावते, पोरीचा अभ्यास घेते, आणि सगळं उरकल्यावर रात्री साडेदहाला लॅपटॉप उघडून काय करते, तर तिथल्या एका खेळातल्या आणखी एका कुटुंबाला जेवायला घालते. एक संसार पुरत नाही का तुला?

आजवर मी हसून वेळ मारून नेली. आता तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. खेळाचं नाव 'द सिम्स'. पहिला भाग फेब्रुवारी 2000 मध्ये आला. सुरुवातीला हातात एक कुटुंब असतं आणि 20,000 सिमोलियन, म्हणजे तिथले रुपये. त्यात जागा घ्यायची, भिंती घालायच्या, सामान आणायचं आणि माणसं राहायला सोडायची. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. त्या पहिल्या भागात प्रत्येकाच्या नावावर आठ पट्ट्या असायच्या: भूक, आराम, स्वच्छता, लघवी, झोप, करमणूक, माणसांची सोबत आणि खोलीची दशा. पट्टी हिरवी असली की बरं, लाल झाली की रडारड. तिथलं एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद, म्हणजे अख्खा दिवस आपल्या 24 मिनिटांत सरतो.

लोक म्हणतात, मोठेपणीची भातुकली. मला नाही पटत. भातुकलीत चुरमुऱ्यांचा भात होतो, गूळ-दाण्यांचे लाडू होतात, बाहुला-बाहुलीचं लग्नही लागतं. पण जेवल्यावर कुणाला संडासला जावं लागत नाही, आणि भांडी घासायची पाळी येईपर्यंत खेळ मोडलेला असतो. सिम्स तिथून पुढे सुरू होतो.

माझी त्याच्याशी गाठ पडली 2002 मध्ये. शिकायला मिरजेहून पुण्यात आले होते, मावशीकडे राहत होते, आणि मावसभावानं कुणाकडून तरी सीडी आणली होती. मी एक नवरा, एक बायको असं घर मांडलं. यथावकाश पाळणा हलला. त्या भागात बाळ तीन दिवस पाळण्यात असतं आणि मग एकदम शाळेत जाण्याएवढं होतं (आणि कायमचं तेवढंच राहतं, पण ते सोडा). ते तीन दिवस! बाळ रडलं की दूध पाजायचं, खेळवायचं, गाणं म्हणायचं. बायकोची झोपेची पट्टी लाल. नवरा गाडीत बसून कामावर. ही उभ्या उभ्या पेंगतेय, ताटल्यांवर माश्या घोंगावताहेत, बाळ रडतंय. आणि दारात एक सरकारी बाई आली. बाळाकडे नीट बघितलं नाही की ती येते. बाळ उचललं आणि गेली.

मी वीस वर्षांची. लग्नाचा पत्ता नाही. तरी मावशीच्या हॉलमध्ये बसून हमसून रडले. भाऊ म्हणाला, अगं खेळ आहे. मग त्यानं एक युक्ती दाखवली. एक खिडकी उघडून 'रोझबड' असा शब्द टाकला की फुकटचे पैसे जमा होतात. टाकले. भारीतला पलंग आणला, ताशी 10 सिमोलियनवर कामाला मावशी लावल्या (त्या कधी न सांगता गावाला जात नाहीत). घर लखलखीत झालं. पण बाळ रात्री तीनला रडलं की उठणार कोण, हा प्रश्न जिथल्या तिथं. पैशासाठी शब्द होता, वेळेसाठी नव्हता.

हिशेबाची आवड मला आधीपासूनच. पुढे पोटाला तेच आलं, आज मी लोकांची जीएसटीची विवरणपत्रं भरते. त्या रात्री मी वहीत बायकोचा दिवस मिनिटामिनिटानं मांडला आणि बेरीज केली. 24 तासांत बसेना. आमच्या घरातल्या कुठल्याच बाईचा दिवस असा कागदावर मांडलेला मी तोवर पाहिला नव्हता.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. हा खेळ रचणारा विल राइट. ऑक्टोबर 1991 मध्ये कॅलिफोर्नियात ओकलंड-बर्कलीच्या टेकड्यांवर मोठी आग लागली, त्यात त्याचं घर जळालं. पुन्हा घर उभारताना एकेक वस्तू नव्यानं घ्यावी लागली, आणि माणसाला नक्की काय काय लागतं, का लागतं, या विचारातून हा खेळ निघाला. त्याच्या कंपनीत आधी कुणाला तो फारसा रुचला नव्हता, बाहुलीघर कोण घेणार म्हणून. पुढे दोनच वर्षांत, 2002 मध्ये, तो तोवरचा सर्वाधिक खपाचा पीसी-गेम ठरला.

पण खरी गंमत आत आहे. आपल्याला वाटतं, त्या माणसांना डोकं दिलंय आणि ती ठरवतात, आता जेवावं, आता झोपावं. तसं नाही. अक्कल वस्तूंमध्ये भरलेली आहे. फ्रिज सतत पुकारत असतो, 'माझ्याकडे या, भूक भागेल.' पलंग म्हणतो, 'माझ्याकडे या, झोप मिळेल.' खरकटी ताटलीसुद्धा पुकारते. माणूस आपल्या पट्ट्या आणि आपला स्वभाव बघतो आणि ज्याची हाक सगळ्यात मोठी लागते तिकडे जातो. स्वभावाचे एकूण 25 गुण आपणच वाटायचे, पाच खान्यांत. त्यातला एक खाना नीटनेटकेपणाचा. तिथं भरपूर गुण दिलेल्या माणसाला ताटलीची हाक ऐकू येते. शून्य दिलेला तिच्यावरून चालत जातो.

हे कळलं तेव्हा माझं लग्न होऊन तीनेक वर्षं झाली होती. मी आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ओट्याकडे बघत बसले. दुधाचं पातेलं पुकारत होतं. गॅसची शेगडी पुकारत होती. डब्यातलं पीठ संपत आलंय, तेही पुकारत होतं. आणि शेजारच्या खोलीत सुशिक्षित, प्रेमळ, निर्व्यसनी माणूस क्रिकेट बघत होता. त्याला खरंच काही ऐकू येत नव्हतं. तो ढोंग करत नव्हता, हे त्या खेळामुळे मला पहिल्यांदा पटलं. राग कमी झाला असं नाही. रागाची जागा बदलली.

एकदा मी प्रयोग केला. टीपॉयवर चहाचा रिकामा कप राहिला होता, त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी लेकीनं वही ठेवायला जागा हवी म्हणून तो चार बोटं बाजूला सरकवला. तिसऱ्या दिवशी तळाशी चहाची कड सुकून काळी झाली, एक मुंगी आली. चौथ्या दिवशी नवऱ्यानं विचारलं, "हा कप कुणाचा आहे?" मी म्हटलं, माहीत नाही. मग त्यानं तो उचलला, स्वयंपाकघरात नेला आणि ओट्यावर ठेवला. सिंकपासून वीतभर अंतरावर.

त्या रात्री मी सिम्समध्ये सगळ्यांना नीटनेटकेपणाचे दहाच्या दहा गुण देऊन एक घर मांडलं. जेवण झाल्याबरोबर जो तो ताटली उचलायला धावतोय! डोळे निवेपर्यंत बघत बसले. हे तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर.

उरलेलं अर्धं आईचं आहे.

बाबा गेल्यावर ती थंडीचे चार महिने आमच्याकडे येऊ लागली. एका रात्री माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. तोवर खेळाचा चौथा भाग आला होता, चित्रं सुंदर, चेहरे बोलके. पाच मिनिटं बघून तिचा पहिला प्रश्न: "ही बाई टेकते कधी?" दुसरा: "उभ्यानं का जेवताहेत?" खुर्च्या कमी होत्या, त्या घेतल्या. ही माणसं एक बनवलेली, अर्थ नसलेली बोली बोलतात. आई कान देऊन ऐकत होती. म्हणाली, "कानडी नाही हे. कानडी मला येतं."

मग तिला कळलं की इथं हवं तसं घर बांधता येतं. सलग तीन रात्री तिनं मला एकच घर सांगून बांधून घेतलं. पुढं सोपा, मग माजघर, डावीकडे देवघर, जिना इथून नको तिथून, मागं परस. मला दुसऱ्या रात्री उमगलं की हे तिचं माहेर आहे, नरसोबाच्या वाडीच्या वाटेवरच्या एका गावातलं. मी लहानपणी पाहिलेलं, पण मला आठवत होता फक्त जिन्याखालचा अंधार. आड कुठं मिळेना म्हणून मी कारंजं ठेवलं, तर म्हणाली, "काढ ते. सर्किट हाऊस वाटतंय." संडास तिनं परसाच्या पार टोकाला लावायला सांगितला. मी म्हटलं, आई, लांब पडेल. तसंच झालं. घरातला पोरगा निम्म्या वाटेत पोचतो तोच पट्टी तळाला गेली आणि व्हायचं ते झालं. आई डोळ्यांत पाणी येईतो हसली. "आमच्या बाळूचं असंच व्हायचं," म्हणाली. बाळू म्हणजे माझा थोरला मामा.

माउस काही तिच्या हाताला बसेना, म्हणून मी तिला टॅबवर 'व्हर्च्युअल फॅमिलीज' घालून दिला. 'लास्ट डे ऑफ वर्क' असं झकास नाव असलेल्या अमेरिकन कंपनीचा हा खेळ, पहिला भाग 2009 चा. सिम्सपेक्षा साधा, पण एक गोष्ट भयंकर: हा खऱ्या वेळेत चालतो. टॅब बंद केला तरी आतली माणसं जगत राहतात, खात राहतात, म्हातारी होत राहतात. खेळ थांबवून ठेवायची सोय आहे, पण आईनं ती कधी वापरली नाही. मिरजेला परत गेली तेव्हा टॅब माझ्याकडे राहिला, आणि रोज सकाळी फोन: "फ्रिज भरलास का?" मी आमचाच समजून "हो" म्हणाले, तर म्हणे, "तुमचा नव्हे गं."

यात आपण एकच माणूस दत्तक घ्यायचा आणि मग ईमेलनं स्थळं सांगून येतात. विनोद करत नाहीये, खरंच स्थळं येतात: नाव, वय, काम. पसंत असेल तर होकार, नाही तर नकार. खेळ रचणाऱ्यांना कल्पना नसेल की मिरजेच्या बाईसमोर हे ठेवलं की काय होतं. आईनं दहा-अकरा स्थळं परतवली. एकाचं वय जास्त. दुसऱ्याचं काम रात्रीचं असणार असा तिचा संशय. एकाला का नाही म्हटलंस, तर "तोंडावरून हट्टी वाटतोय."

तिथं शाबासकीचं एक बटण आहे आणि रागवायचं एक. माणसाला त्यातून वळण लागतं. आईचा नवरोबा भांडी घासायला लागला रे लागला की ती टपाटप शाबासकी द्यायची. बायको घासत असली की नाही. मी तिला टोकलं, की अगं तिला का नाही देत? आई म्हणाली, "तिला कशाला? ती करतेच की." यावर आमचं चांगलंच वाजलं. दोन दिवस आम्ही फक्त जेवायला वाढण्यापुरतं बोलत होतो. भांडण एका न जन्मलेल्या बाईवरून होतं, हे नवऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

गेल्या जानेवारीत आईच्या टॅबमधलं जोडपं थकून गेलं. आधी तो, मग ती. मुलं दोन, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. आईबाप दोघंही गेले की हा खेळ विचारतो, घर कुणाला द्यायचं? एकालाच देता येतं. त्या मुलापासून किंवा मुलीपासून पुढची पिढी सुरू होते.

आईनं टॅब मिटून ठेवला. दोन दिवस उघडलाच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी घरूनच काम करत होते, तिनं हाक मारली.

"दुसऱ्याला काय मिळतं?"

"काही नाही. तो जातो आपल्या वाटेनं."

बराच वेळ ती दोन्ही चित्रांकडे बघत होती. मला 1998 ची दुपार आठवली. आई आणि मावशी माहेरच्या घराचं हक्कसोडपत्र देऊन आल्या होत्या. बदल्यात दोघींना साडी-चोळी. आईची साडी मोरपंखी होती. ती नेसलेली मी कधी पाहिली नाही, पण कपाटात आहे अजून, घडी न मोडलेली. यावर आई तेव्हाही काही बोलली नव्हती, आताही बोलली नाही.

तिनं मुलीच्या चित्रावर बोट ठेवलं. पडदा बदलला, पोरगी रिकाम्या घरात एकटी उभी.

"सही कुठं घेतात?"

"नाही लागत सही."

"बरं," म्हणाली, आणि फ्रिज भरायला लागली.