दुसऱ्यांदा पुरलेली माणसे

११ जुलै

आज बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारीच्या दफनभूमीचे प्रक्षेपण शेवटपर्यंत पाहिले. स्रेब्रेनित्साच्या १९९५ मधल्या हत्याकांडात मारल्या गेलेल्यांपैकी ज्यांची ओळख गेल्या वर्षभरात पटली, त्यांचे दफन दरवर्षी याच दिवशी तिथे होते. हिरव्या कापडाने मढवलेल्या शवपेट्या गर्दीच्या डोक्यावरून हातोहात पुढे सरकत होत्या. त्या इतक्या सहज सरकतात याचे कारण उघड आहे. बहुतेक पेट्यांमध्ये थोडीशीच हाडे असतात, आणि काहींमध्ये तर दोन-तीनच.

घटनेचा सांगाडा सर्वांना ठाऊक आहे. एप्रिल १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ८१९ अन्वये स्रेब्रेनित्सा हे ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केले. ११ जुलै १९९५ रोजी बोस्नियातल्या सर्बांचा सेनापती रात्को म्लादिच याच्या सैन्याने ते घेतले, आणि पुढच्या काही दिवसांत आठ हजारांहून अधिक बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लिम) पुरुष आणि मुलगे मारले गेले. पोतोचारीच्या जुन्या बॅटरी कारखान्यात डच शांतिसैनिकांचा तळ होता. त्याच्या दारात स्त्रिया एकीकडे आणि पुरुष दुसरीकडे अशी विभागणी झाली. जे तळाकडे आले नाहीत, त्यांनी जंगलातून बोस्नियाच्या सरकारच्या ताब्यातल्या तुझ्ला शहराची वाट धरली आणि त्यांतले हजारो वाटेतच पकडले किंवा मारले गेले. या हकिगतीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र त्या जुलैपेक्षा त्यानंतरचे दोन-तीन महिने अधिक छळतात.

सप्टेंबर-ऑक्टोबर १९९५ मध्ये, म्हणजे बोस्नियातले युद्ध संपवणाऱ्या डेटनच्या तहाची बोलणी सुरू होण्याच्या तोंडावर, मारेकऱ्यांनी जुलैमध्ये मारलेल्यांना जिथे पुरले होते त्या सामूहिक कबरी पुन्हा उकरल्या. मातीखोदाईच्या अवजड यंत्रांनी प्रेते उपसली, मालमोटारींत भरली आणि दूरच्या दऱ्याखोऱ्यांत नव्या खड्ड्यांत नेऊन टाकली. यंत्राच्या पात्याखाली देह तुटले. एकाच माणसाचा हात एका खड्ड्यात, मांडीचे हाड दुसऱ्यात, तर कवटी काही किलोमीटरवर तिसऱ्यात, अशी अवस्था झाली. जुलैमधल्या कत्तलीच्या बाबतीत निदान द्वेषाची, उन्मादाची भाषा तरी वापरली जाते. या दुसऱ्या कामाला इंधन लागले, वाहने लागली, रात्रीच्या पाळ्या लागल्या, कोणीतरी बसून त्याचे नियोजन केले. माझ्या मते त्यातली थंड व्यवस्था अधिक भयंकर आहे, आणि जिवंत राहिलेल्यांच्या वाट्याला जे आले ते बहुतांशी तिनेच घडवलेले आहे.

पुरावा मात्र त्यांना पुरता नष्ट करता आला नाही. द्रिना नदीकाठच्या कोझलुक गावाजवळ बाटल्या भरण्याच्या एका कारखान्याचा कचरा टाकला जाई, आणि माणसांना तिथेच गोळ्या घालून पुरले होते. पुढे चांचारी नावाच्या रस्त्यालगतच्या कबरींमध्ये हाडांसोबत त्याच कारखान्याच्या फुटक्या काचा आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या सापडल्या, तेव्हा प्रेते कुठून कुठे नेली याचा माग तपास करणाऱ्यांना लागला. काही मृतांच्या मनगटांवर हाताच्या हालचालीवर चालणारी स्वयंचलित घड्याळे होती. हात निश्चल झाला की असे घड्याळ साधारण दीड-दोन दिवसांनी थांबते, आणि त्यावर वार व तारीख दोन्ही असतात. हे सारे लढाईत मेले असा बचाव युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या हेगच्या न्यायाधिकरणापुढे मांडला गेला, तेव्हा जुलैच्या मधल्या आठवड्यातच थांबलेली ती घड्याळे पुरावा म्हणून दाखल झाली.

न्यायालयासाठी एवढे पुरते. आईसाठी पुरत नाही, कारण तिला ‘हे सारे’ कोण होते ते नको असते, तिचा कोण होता ते हवे असते. आरंभीच्या वर्षांत ओळख पटवण्यासाठी कपड्यांच्या आणि वस्तूंच्या छायाचित्रांचे संग्रह नातेवाइकांपुढे ठेवले जात. आपण विणलेला मोजा, आपण घातलेले ठिगळ, आपल्या हातची शिवण शोधत बायका ती पाने उलटत. त्यातून फार थोड्यांची ओळख पटली. वेढ्यात अडकलेल्या गावात मदतीचे सारखेच कपडे अनेकांच्या अंगावर होते आणि कपड्यांची अदलाबदलही झालेली होती. बेपत्ता व्यक्तींसाठीचा आंतरराष्ट्रीय आयोग १९९६ मध्ये स्थापन झाला. त्याने नातेवाइकांच्या बोटांतून रक्ताचे थेंब गोळा करून ते हाडांतल्या डीएनएशी ताडून पाहण्याची पद्धत उभी केली, आणि २००१ च्या अखेरीपासून ओळखी पटू लागल्या. आजवर सुमारे सात हजार जणांची नावे अशी निश्चित झाली आहेत.

या शास्त्रालाही एक मर्यादा आहे, आणि ती वाचल्यापासून मनातून जात नाही. एखाद्या आईचे दोन-तीन अविवाहित मुलगे मारले गेले असतील, तर आईवडिलांच्या रक्तावरून हाड त्यांच्या मुलाचे आहे एवढे सांगता येते. कोणत्या मुलाचे ते सांगता येत नाही. मग वय, उंची, दातांची ठेवण यांवरून अंदाज बांधायचा. मुलाला मूल असते तर त्याच्या रक्तावरून उलगडा झाला असता. ज्यांना संसार मांडायलाही वेळ मिळाला नाही, त्यांचे मरणही त्यामुळे अनिश्चित राहते.

आणि ओळख पटल्यावर प्रश्न येतो तो किती हाडांवर दफन करायचे याचा. आयोगाची माणसे घरी निरोप देतात: इतके मिळाले आहे, पुढे आणखी मिळू शकेल, न मिळण्याचीही शक्यता आहे, थांबायचे की पुरायचे ते तुम्ही ठरवा. हा निर्णय कोणतेही सरकार किंवा न्यायालय घेत नाही, तो एखाद्या वृद्ध विधवेने किंवा तेव्हा पाळण्यात असलेल्या मुलीने घ्यायचा असतो. काहीजण अनेक वर्षे थांबतात. काहीजण आपल्या डोळ्यांदेखत निदान कबर व्हावी म्हणून एखाद्या हाडावर दफन उरकतात, आणि नंतर दुसऱ्या खड्ड्यात उरलेले सापडले की कबर उघडून ते आत ठेवतात. दफनविधी एकदाच व्हावा ही साधी अपेक्षासुद्धा त्या यंत्रांनी हिरावून घेतली.

निवाडे झाले. हेगच्या न्यायाधिकरणाने २००४ मध्ये अपिलात हा वंशसंहार असल्याचे कायम केले; म्लादिचची जन्मठेप २०२१ मध्ये अंतिम झाली. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तळातून बाहेर पाठवलेल्या सुमारे ३५० पुरुषांच्या बाबतीत देशाचे दायित्व १० टक्के ठरवले, कारण त्यांना आत राहू दिले असते तर ते वाचण्याची शक्यता तेवढीच होती, असे न्यायालयाचे मत पडले. कायद्याच्या दृष्टीने हा तर्क बिनचूक असेलही, पण एकदशांश जबाबदारी विधवेने कशी समजून घ्यावी, हे मला कळलेले नाही.

अजून सुमारे हजार जण सापडलेले नाहीत. त्यांच्या आप्तांचे रक्त नोंदलेले आहे, ताडून पाहायला हाडे नाहीत. ज्यांनी ते खड्डे खणले, ज्यांनी मालमोटारी चालवल्या, त्यांतले कितीतरी जण त्याच प्रदेशात उजळ माथ्याने राहत असणार, आणि उरलेल्या जागा त्यांना ठाऊक असणार. रक्त देऊन वाट पाहणाऱ्या आया एकेक करून जात आहेत. खड्ड्यांची जागा जाणणारेही आता म्हातारे झाले आहेत, आणि बोलणाऱ्याला शेजारी देशद्रोही म्हणतात.