फांद्या आणायला कोण गेलं?

"प्रभू, संजीवन पाठव!" आजच्या प्रार्थनेत हे, म्हणजे आमच्या विश्वासाला नवी जाग दे असं मागणं, पाचदा ऐकलं. काय पाळायचं, ते एकदाही नाही.

बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा अध्याय ८ उघडा. यरुशलेमात याजक एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र (मोशेद्वारे दिलेल्या देवाच्या आज्ञा) वाचतो, लेवी (मंदिराचे सेवक) अर्थ सांगतात, लोक रडतात. आपण बहुधा इथेच थांबतो. पण दुसऱ्या दिवशी घराण्यांचे प्रमुख पुन्हा वचनाजवळ बसतात. मांडवांच्या सणाची आज्ञा सापडते, आणि लोक डोंगरावरून जैतुनाच्या, खजुराच्या फांद्या आणून धाब्यांवर, अंगणांत मांडव घालतात. सात दिवस!

अध्याय १० मध्ये तर लेखी करार: शब्बाथाला (आठवड्याच्या विसाव्याच्या दिवशी) खरेदी नाही, मंदिरासाठी दरवर्षी शेकेलाचा (चांदीच्या एका मापाचा) तिसरा हिस्सा.

मग तिथला अधिकारी नहेम्या पारसाच्या राजाकडे जातो. अध्याय १३ मध्ये लेव्यांना मिळायचे वाटे थकलेले, ते आपापल्या शेतांवर परतलेले. शब्बाथाला द्राक्षं तुडवणं सुरू. (रडणं खोटं नव्हतं, बरं का.)

आपल्या प्रार्थनेत कलमं किती?