घरात कमी पडत असताना दान देता कशाला?

हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं विचारतात, ख्रिस्ती नसलेले सहकारी तर फार काळजीने विचारतात. विचारणाऱ्या बहुतेकांना आमच्या घरात काय झालं ते ठाऊक असतं, त्यामुळे या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो. आजवर ‘देवाची इच्छा’ म्हणून मी वेळ मारून नेली. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून आता नीट सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करू द्या. परत मिळेल म्हणून मी देत नाही. तरुणपणी तसंच द्यायचो. बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातलं दशमांशाचं वचन मी करारपत्रासारखं वाचायचो: पगाराचा दहावा भाग बाजूला काढला की उरलेल्यावर माझा हक्क, आणि वर आशीर्वाद द्यायला देव बांधलेला. तेव्हाच्या मला हे आज सुनावलं तर तो म्हणेल, ‘माझी प्रतीती पाहा’ असं खुद्द परमेश्वरच तिथे म्हणतो, मग माझं काय चुकलं? त्याला देण्यासारखं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. पण याच वचनाच्या आधारावर ‘शंभरपट मिळेल’ असं सांगून गरिबांचे खिसे रिकामे करणारे वक्ते मी ऐकलेत, आणि माझा जीव जळतो. मार्कच्या शुभवर्तमानात गरीब विधवेने दोन टोल्या, म्हणजे दोन क्षुल्लक नाणी, दान टाकल्याची गोष्ट आहे ना, तिच्या अगदी आधी येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर तुटून पडतो. दानावरच्या प्रवचनांत तेवढ्या ओळी मात्र सहसा वाचल्या जात नाहीत.

मी देतो ते बेथानी गावच्या मरीयेमुळे (येशूची आई ती मरीया वेगळी). तिने येशूच्या पायांवर जटामांसीचं महागडं सुगंधी तेल ओतलं तेव्हा तीनशे दिनारांचा हिशेब निघाला: हे विकून गोरगरिबांना का दिलं नाही? एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. वर्षभराची कमाई एका घटकेत फरशीवर गेली. हिशेबाने बघितलं तर बोलणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. तरी येशूने तिला अडवलं नाही, अडवणाऱ्यांना अडवलं. ज्याने वधस्तंभावर माझ्यासाठी स्वतःचं काहीच राखून ठेवलं नाही, त्याच्यापुढे ‘परवडेल तेवढं देतो’ हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत. याला भाबडेपणा म्हणायचं तर म्हणा.

आता ती गोष्ट. मंडळीतल्या एका माणसाला अपघातानंतर मोठं ऑपरेशन सांगितलं. घरात कमावता तो एकटाच. आमच्याकडे मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी साठवलेले पैसे होते. मी आणि पत्नी रात्री प्रार्थनेला बसलो, आणि उठलो तेव्हा आमचं ठरलं होतं. सकाळी मुलीला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं.

ती लगेच काही बोलली नाही. तिने भरलेला फॉर्म टेबलावरच होता. त्यावरचा फोटो तिने नखाने एकेका कडेने सोडवायला घेतला, फाटू नये म्हणून अगदी सावकाश. फोटोच्या मागे चिकटून आलेला कागदाचा पापुद्रा बोटाने चोळून काढला. ‘पुढच्या वर्षी लागेल,’ म्हणाली, आणि फोटो पाकिटात ठेवला. फॉर्मवर डिंकाचा खरबरीत चौकोन तेवढा राहिला. मग मान वर न करता म्हणाली, “पप्पा, इसहाकाने निदान विचारलं तरी होतं, विस्तव आहे, लाकडं आहेत, पण कोकरू कुठे आहे? मला तेवढाही वेळ मिळाला नाही.”

अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, देवाला अर्पायला नेतो, ती गोष्ट लहानपणी तिला मीच शिकवली होती.

ऑपरेशन झालं, पण माणूस वाचला नाही. म्हणून तुम्ही म्हणता, सगळं पाण्यात गेलं. नाही गेलं. पैसे असते तर वाचला असता, हे मनात धरून त्याच्या बायकोला जगावं लागलं नाही. मुलीलाही मी हेच सांगितलं. ती म्हणाली, “ते मला पटतंय. मी हो म्हटलं असतं, पप्पा. पण तुम्ही ते माझ्याकडून घेतलंच नाहीत.”

पैसे माझ्या घामाचे होते. मुलांना न विचारता आईबाप शंभर गोष्टी ठरवतात. वर्ष गेलं, आयुष्य गेलं नाही. पुढच्या वर्षी अ‍ॅडमिशन झाली. हे सगळं मी स्वतःला कितीदा बजावलंय. पण अ‍ॅडमिशन झाली ती तिला हव्या असलेल्या विषयाला नाही, हेही खरं.

आधारासाठी मी ज्यांच्याकडे जातो तेच मला अडचणीत टाकतात. फुकटात मिळालेलं देवाला अर्पणार नाही म्हणून दावीद राजाने अरवना नावाच्या माणसाचं खळं आणि बैल 50 शेकेल चांदी मोजून घेतले. ते त्याने स्वतः मोजले. मरीयेचं तेल तिचं होतं. जॉन वेस्ली या अठराव्या शतकातल्या इंग्रज धर्मोपदेशकाने एका प्रवचनात ऑक्सफर्डच्या एका तरुणाबद्दल सांगितलंय, तो तरुण म्हणजे वेस्ली स्वतःच असं मानतात: मिळकत वर्षाला 30 पौंडांवरून 60, 90, 120 झाली, तरी तो 28 पौंडांतच राहिला आणि उरलेलं वाटत गेला. पण तेव्हा वेस्लीला बायकोमुलं नव्हती. आणि ‘हे देवाला अर्पण केलंय’ म्हणून आईबापांना त्यांचं हक्काचं नाकारणाऱ्यांना येशू ढोंगी म्हणतो. तिथे आईबापांचा विषय आहे, मुलांचा नाही, अशी समजूत मी घालून पाहिली. फार दिवस टिकली नाही.

करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल मासेदोनियाच्या दरिद्री मंडळ्यांची वाखाणणी करतो, कारण त्यांनी शक्तीबाहेर दिलं. आणि थोड्याच ओळींनंतर म्हणतो, दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला ओढाताण, असं व्हावं म्हणून मी हे सांगत नाही. मी दोन्ही वाचतो, आणि माझं देणं थांबत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर आधी मुलीला विचारेन, एवढं पक्कं आहे. ती नाही म्हणाली तर काय करेन, ते तुम्हीही विचारता आणि तीही विचारते. दोघांनाही मी अजून उत्तर दिलेलं नाही.