मागच्या एक्सलचे बुश घरी बदलता येतात का?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न बहुधा असा येतो: स्पीडब्रेकरवर मागून ठक-ठक वाजतं, शॉकअप बदलले तरी आवाज तसाच, मग एक्सलचे बुश घरी बदलू का? बदला. मात्र बुश काढण्यापेक्षा शेवटचा बोल्ट आवळताना जास्त चुका होतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

छोट्या हॅचबॅकला बहुतेक वेळा मागे आडवा टॉर्शन बीम असतो. त्याचे दोन हात पुढच्या टोकाला एकेका बुशने बॉडीच्या ब्रॅकेटला जोडलेले असतात. बुश म्हणजे आत लोखंडी नळी, बाहेर कडं आणि मध्ये दोन्हींना चिकटलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये जखडते. चाक वर-खाली होताना नळी फिरत नाही, रबर पिळलं जातं. चाकं लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळलात, तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळलेलंच बसतं आणि नवा बुश लवकर फाटतो. लोक मग पार्टला नावं ठेवतात.

म्हणून गाडी उचलण्याआधी सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं उभं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. समजा ३७ सेंटिमीटर भरलं. जोडणी झाली की बोल्ट नुसते टेकवून ठेवा, दोन्ही बाजूंनी एक्सलखाली जॅक लावून अंतर पुन्हा ३७ वर आणा आणि मगच टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणारा पाना, लावा. टॉर्कचा आकडा तुमच्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला हवा. जॅक चढवताना बॉडी तिच्याखाली आधाराला लावलेल्या स्टँडवरून उचलली जाऊ लागली तर लगेच थांबा. चाकं बसवा, गाडी रॅम्पवर चढवा आणि तिथे आवळा.

हँडब्रेक सहसा मागच्या चाकांनाच लागतो. ती हवेत गेली की त्याचा उपयोग शून्य. पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडण लावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. बॉडी स्टँडवर टेकलेली असल्याशिवाय खाली शिरू नका.

आदल्या रात्री बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारा. कोकणातल्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीचा बोल्ट आतल्या नळीलाच धरून बसतो. पाना थोडा फिरतो आणि सोडला की स्प्रिंगसारखा मागे येतो, म्हणजे बोल्टबरोबर रबर पिळतंय. अशा वेळी पान्यावर लांब पाइप चढवून जोर करू नका. बऱ्याच गाड्यांत नट बॉडीच्या आत वेल्ड केलेला असतो, तो सुटला तर पत्रा कापावा लागतो. थोडं सैल, थोडं घट्ट करत बोल्ट हलवत राहा. तरीही नाही आला, तर बुश आणि ब्रॅकेटच्या फटीतून कापायचा.

एक्सल खाली घेण्याआधी ब्रेकचे होज (रबरी नळ्या), हँडब्रेकची केबल आणि एबीएसची, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, वायर क्लिपांतून मोकळी करा. होजवर वजन येता कामा नये. शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे असतील, तर एक्सलला जॅकचा आधार हवाच. नंतर जॅक सावकाश उतरवा, स्प्रिंग मोकळ्या झाल्या की काढून घ्या.

जुना बुश काढण्याआधी एक्सलवर छिन्नीने खूण करा. अनेक बुशांच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात आणि त्या ठरलेल्या दिशेलाच यायला हव्यात. दिशा चुकली तर गाडी मागून डोलते, बुश पुन्हा काढावा लागतो. हातोड्याने ठोकू नका, कडं वाकडं होतं. १०.९ ग्रेडचा, म्हणजे जास्त मजबूत पोलादाचा, आट्यांचा रॉड, जाड वायसर आणि बुश आत सरकेल एवढा पोकळ पाइपचा तुकडा घेऊन ओढून काढा, तसाच ओढून बसवा. हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या रॉडचे आटे या जोराला सोलून निघतात. रॉडच्या आट्यांना ग्रीस लावा, रबराला मात्र लावू नका. तेलाने रबर फुगतं. रबर सरकवायला साबणाचं पाणी पुरतं. कडं आतच अडकलं तर हॅकसॉच्या पात्याने आतून चीर पाडा, पण पातं एक्सलच्या भोकाला लागू देऊ नका. रबर जाळून काढू नका, तो धूर विषारी असतो.

बुश जोडीनेच बदला, बोल्टही नवे घ्या. शंभर किलोमीटर चालवल्यावर गाडी चाकांवर उभी असताना टॉर्क पुन्हा तपासा आणि ब्रेकचा होज कुठे घासत नाही ना, ते बोटाने चाचपून बघा.