आजची प्रॅक्टिस आणि तीन टीएलई
आज मुलांची आयसीपीसीची, म्हणजे कॉलेजच्या टीम्सच्या प्रोग्रामिंग स्पर्धेची, प्रॅक्टिस घेतली, तिघांत एक कॉम्प्युटर, पाच तास, अगदी खऱ्यासारखं. सेकंड इयरच्या एकीला पायथन ही एकच प्रोग्रामिंग भाषा येते, आणि तिचं लॉजिक बरोबर होतं हो, मी वहीत बघितलं ना, पण लूपमध्ये लूप, दोन्ही 10 हजारांचे, म्हणजे 10 कोटी फेऱ्या, सी++ या भाषेला ते साधारण सेकंदाभराचं काम, पायथन तिथेच अडकलं. टीएलई, म्हणजे टाइम लिमिट एक्सीडेड, दिलेल्या वेळेत उत्तर आलं नाही, तीनदा. नंतर प्रश्न सुटला, पण प्रत्येक चुकीची 20 मिनिटं पेनल्टी बसलीच, म्हणजे तासभर गेला. पोरीचे डोळे भरून आले.

आयसीपीसीच्या वर्ल्ड फायनल्सला सी, सी++, जावा, कोटलिन, पायथन सगळं चालतं, पण पायथनमध्ये वेळेत बसेलच याची हमी नाही. शाळकरी मुलांच्या आयओआय या प्रोग्रामिंगच्या ऑलिंपियाडला तर आता फक्त सी++. मला हे नाही पटत, शाळेत पायथन शिकून आलेल्या पोरांनी काय करायचं?

100 चा फॅक्टोरियल मात्र तिने दोन ओळींत काढला, पूर्ण 158 आकडी, सी++ वाला एवढे आकडे ठेवायला अजून अॅरेच, म्हणजे आकड्यांची रांग, मांडत होता.

जाताना म्हणाली, मॅडम, उद्या सी++ च्या वेक्टरपासून, त्या वाढत्या यादीपासून, सुरू करू का?