कातरवेळी तीनशे किलोमीटरवर

आयनांबराची, म्हणजे वरच्या हवेतल्या विद्युतभारित थरांची, चित्रं पाहून तिकडे निघालेल्याची हमखास फसगत होते. पुस्तकांत ते तीन मजली चाळीसारखं काढलेलं असतं: तळाला डी, मधे ई, वर एफ. प्रत्यक्षात तिथे मजले नाहीत, जिने नाहीत, आणि सकाळी जिथे जे होतं ते संध्याकाळी तिथे सापडत नाही. मी चुंबकीय विषुववृत्तावरून वर चढलो, ऑक्सिजनच्या एका धन आयनाचं (इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूचं) बोट धरून. देहाने नव्हे, हे उघड आहे. बरोबर होते आयनोसोंडचे, म्हणजे वर रेडिओलहरी पाठवून त्यांचा प्रतिध्वनी ऐकणाऱ्या यंत्राचे, दर पंधरा मिनिटांचे आयनोग्राम (कुठली वारंवारता किती उंचीवरून परतली याचे आलेख), दोन चुंबकमापकांच्या नोंदी आणि दोन वारंवारतांवर ऐकणारा एक जीपीएस रिसीव्हर. एवढ्या सामानात हा प्रवास होतो, आणि त्यातला खरा बघण्यासारखा तास एकच असतो. बाकीचा दिवस त्याची वाट पाहण्यात जातो.

साठ ते नव्वद किलोमीटरच्या डी थराबद्दल एवढंच सांगतो की तिथे थांबू नये. धक्काबुक्की इतकी, की रेडिओलहरीने हलवलेला इलेक्ट्रॉन ती ऊर्जा परत करण्याआधीच कुठल्यातरी रेणूवर आदळतो. दिवसा मध्यम लहरींवर दूरची स्टेशनं लागत नाहीत ती याच्यामुळे. सूर्य बुडला की हा थर विरून जातो.

ई थरात मात्र पाय रेंगाळतो. साधारण १०५ किलोमीटरवर एक विचित्र बेबनाव आहे. इलेक्ट्रॉन चुंबकीय बलरेषेला बांधलेला, तिच्याभोवती गिरक्या घेणारा. आयनाची एक गिरकी पुरी होण्याआधीच त्याला कैक धक्के बसतात, म्हणून तो वाऱ्याबरोबर वाहवत जातो. एक बांधलेला आणि एक वाहणारा, म्हणजे विद्युतप्रवाह आलाच. सूर्याने तापवलेल्या हवेच्या भरती-ओहोटीचे वारे हा डायनॅमो फिरवतात आणि दिवसा विषुववृत्तावर पूर्वेकडे रोखलेलं विद्युतक्षेत्र तयार होतं. किती? मीटरला अर्धा मिलिव्होल्ट. दीड व्होल्टची पेन्सिल सेल तीन किलोमीटरवर ताणावी, तेवढं. पुढचं सगळं नाट्य या चिमूटभर क्षेत्रावर चालतं.

चुंबकीय विषुववृत्तावर बलरेषा आडव्या असतात. त्यामुळे उभा प्रवाह अडतो, वर-खाली भार साचतात, आणि त्यातून पूर्वेकडे वाहणारा प्रवाह कितीतरी जोमदार होतो. हाच विषुववृत्तीय इलेक्ट्रोजेट, जेमतेम सहाशे किलोमीटर रुंदीचा पट्टा. याच पट्ट्यासाठी १९६३ मध्ये केरळात थुंब्याला रॉकेटतळ झाला, आणि पेरूमध्ये लिमाजवळ हिकामार्काचा रडार याच रेषेवर उभा आहे: १८,४३२ डायपोल अँटेना, ५० मेगाहर्ट्झच्या आसपास. इथे एक उपयोगी हिशेब. एक चुंबकमापक विषुववृत्तावर आणि दुसरा त्याच रेखांशावर सहा ते नऊ अंश दूर असेल, तर दोघांनी मोजलेल्या क्षेत्राच्या आडव्या घटकांतून आपापली मध्यरात्रीची पातळी वजा करायची आणि मग दूरच्याची नोंद जवळच्यातून वजा करायची. जागतिक चुंबकीय चढउतार दोन्हीकडे सारखेच असल्याने गळून पडतात. उरतो तो इलेक्ट्रोजेट, आणि त्यावरून वरच्या प्लाझ्माच्या, म्हणजे मोकळ्या आयन-इलेक्ट्रॉनांच्या, चढणीचा अंदाज येतो. फक्त हे दिवसाच जमतं. सूर्य गेल्यावर ई थरात प्रवाह वाहायला कुणी उरत नाही, आणि तरीही रात्रीच्या वजाबाकीचे आलेख काढणारे लोक आहेत.

दीडशे किलोमीटरच्या वर धक्के विरळ होतात आणि आयनही बलरेषेला बांधला जातो. आता विद्युतक्षेत्र पूर्वेला, चुंबकीय क्षेत्र उत्तरेला, म्हणून दोघेही वर सरकतात. वेग म्हणजे विद्युतक्षेत्र भागिले चुंबकीय क्षेत्र: अर्धा मिलिव्होल्ट भागिले २५ मायक्रोटेस्ला, सेकंदाला २० मीटर. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे बऱ्यापैकी एस्टी. इलेक्ट्रॉन आणि आयन एकाच वेगाने जातात, त्यामुळे या चढणीत प्रवाह नाही, नुसती वाहतूक आहे.

तीनशे किलोमीटरवर गर्दी मोजायची सोय आयनोसोंड करतो. उभी पाठवलेली लहर ज्या वारंवारतेपर्यंत परत येते, तिचा मेगाहर्ट्झमधला वर्ग करून १.२४ ने गुणायचं आणि पुढे दहा शून्यं द्यायची. नऊ मेगाहर्ट्झ आले तर घनमीटरमागे एक लाख कोटी इलेक्ट्रॉन. ऐकायला गर्दी वाटते, पण त्याच घनमीटरात उदासीन अणू-रेणू साधारण हजारपट असतात. प्लाझ्मा तिथे पाहुणाच आहे. आणि यजमान प्रेमळ नाही: ऑक्सिजनचा आयन नायट्रोजनच्या रेणूला भेटला की नायट्रिक ऑक्साइडचा आयन होतो, आणि तो पहिल्या इलेक्ट्रॉनशी गाठ पडताच संपतो. जितकं खाली, तितके नायट्रोजनचे रेणू जास्त. म्हणून इथे दीर्घायुष्य हवं असेल तर वर राहावं लागतं.

वर गेलेला प्लाझ्मा पुढे गुरुत्व आणि दाब यांच्या जोरावर बलरेषेवरून दोन्ही बाजूंना उतरतो. कारंज्याचं पाणी जसं मधे चढतं आणि कडेला पडतं, तसं. पंधरा अंश चुंबकीय अक्षांशावर तीनशे किलोमीटरला टेकणारी बलरेषा विषुववृत्तावर सुमारे आठशे किलोमीटर उंच असते. तीनशेपासून आठशेपर्यंत सेकंदाला वीस मीटरने जायला सात तास लागतात. सकाळी आठला निघालेला प्लाझ्मा दुपारी तीनच्या सुमाराला कडेला पोचावा, आणि गर्दीची शिखरं दुपारीच भरतात. (प्रत्यक्षात वाटेतच गळती सुरू असते, पण या हिशेबाने दिशा चुकत नाही.) ब्रिटिश शास्त्रज्ञ अॅपल्टन यांनी १९४६ मध्ये दाखवलं ते हेच: डोक्यावर सूर्य असलेल्या विषुववृत्तावर इलेक्ट्रॉनांची खळगी, आणि दोन्हीकडे पंधरा-पंधरा अंशांवर डोंगर.

या डोंगरावर माझं जराही मन रमलं नाही, आणि त्याला कारण जीपीएस. एका वर्गमीटरच्या नळीत एकावर सोळा शून्यं इतके इलेक्ट्रॉन म्हणजे टीईसीचं, अर्थात वाटेतल्या एकूण इलेक्ट्रॉन-संख्येचं, एक एकक. एक एकक पहिल्या वारंवारतेवर १६ सेंटिमीटरचा उशीर लावतं. दोन वारंवारतांवरच्या कोडने मोजलेल्या अंतरांतला एक मीटर फरक म्हणजे ९.५२ एककं, इथवर सोपं. मग सुरू होतो मनस्ताप. कोडचं मोजमाप खरखरीत असतं, म्हणून वाहक लहरीच्या कलेचं (फेजचं) गुळगुळीत मोजमाप घ्यायचं आणि उपग्रह आभाळात दिसतो त्या पूर्ण वेळावर सरासरीने ते कोडच्या मोजमापाला बसवायचं. मग उपग्रहाचा आणि रिसीव्हरचा स्वतःचा उशीर वजा करायचा. त्यातली एका नॅनोसेकंदाची चूक २.८५ एककं खाते. पहाटे टीईसी ऋण आलं तर समजावं, इथेच गडबड आहे. ऋण इलेक्ट्रॉन-संख्या नावाची वस्तू विश्वात नाही. शेवटी तिरकं मोजमाप उभं करायचं. साडेतीनशे किलोमीटरवर पातळ कवच धरलं तर क्षितिजापासून ३० अंशांवरच्या उपग्रहाची तिरकी वाट उभ्याच्या पावणेदोनपट असते, आणि ती कवचाला भेटते पाचशे किलोमीटरहून दूर. विषुववृत्त आणि शिखर यांच्या मधल्या उतारावर उत्तरेचा उपग्रह एक आकडा सांगतो, दक्षिणेचा भलताच, आणि आज्ञाधारक प्रोग्राम दोघांची सरासरी काढून कुठेच नसलेलं आयनांबर छापतो. ही सरासरी मीही बरेच दिवस खरी धरली होती. उत्तर-दक्षिण वेगळं काढा, एवढंच सांगतो.

दुपार ओसरते. चढण मंदावते, सेकंदाला दहा मीटरवर येते. चुंबकमापक झोपी जातात.

आणि मग कातरवेळ. तीनशे किलोमीटरवर सूर्य अजून दिसत असतो, पण खाली ई थरात तिन्हीसांजा झालेल्या असतात. तिथले आयन रेणूंचे, त्यामुळे ते मिनिटांत विझतात. याचा अर्थ असा: दिवसभर एफ थरातल्या वाऱ्याने साठवू पाहिलेला भार ई थर तारेने जोडल्यासारखा निचरून टाकत होता, आता ती तार तुटते. वर पूर्वेकडे सेकंदाला शंभर मीटरहून जोरात वारा वाहत असतो आणि त्याचं विद्युतक्षेत्र मोकळं सुटतं. दिवस-रात्रीच्या सीमेवर वाहकता अचानक बदलते, म्हणून तिथे पूर्वेकडचं क्षेत्र उलटण्याआधी एकदा उसळी घेतं. मालवण्याआधी दिवा मोठा होतो तसं. दहावर आलेला वेग चाळीस, पन्नास, कधी त्याहून जास्त होतो. तासाभरात अख्खा एफ थर शंभर-दीडशे किलोमीटर वर फेकला जातो. आयनोग्रामवर दर पंधरा मिनिटांनी रेघेचा तळ उंचावताना दिसतो: २६०, २९०, ३३०, ३७५. हे आकडे नमुन्याचे आहेत, पण चाल अशीच असते.

इथे एक खड्डा आहे. तळाची उंची वाढली म्हणजे प्लाझ्मा चढलाच असं नाही. सूर्य गेल्यावर खालचा प्लाझ्मा नायट्रोजन खाऊन टाकतो, आणि तळ झिजल्यामुळेही उंची वाढल्यासारखी दिसते. थर तीनशे किलोमीटरच्या वर असेल तरच उंचीच्या बदलावरून काढलेला वेग विश्वासाचा. त्याखाली तो फुगवलेला असतो. शिवाय आयनोग्रामची उंची आभासी असते. कमाल वारंवारतेजवळ लहर रेंगाळते आणि उंची खोटी वाढते, म्हणून वाचायचं ते डावीकडचं सपाट टोक.

सात-साडेसातनंतर क्षेत्र उलटतं आणि सगळं खाली यायला लागतं. त्याआधीच जे व्हायचं ते होतं. वर दाट प्लाझ्मा, खाली झिजून रिकामी झालेली पोकळी: तेलावर पाणी ओतल्यासारखी स्थिती. तळाला एखादी लाट आली की गुरुत्वामुळे आयन पूर्वेकडे सरकतात, लाटेच्या कडांवर भार साचतात, आणि त्यांचं क्षेत्र पोकळीला आणखी वर ढकलतं. थर जितका उंच, तितके धक्के कमी आणि ही वाढ वेगवान. तळाचा बुडबुडा सेकंदाला शंभर ते तीनशे मीटरने वर घुसतो, कधी हजार किलोमीटरच्या पार. सगळी बलरेषाच रिकामी होत असल्याने त्याचे पाय दोन्हीकडच्या शिखरांपर्यंत पसरतात.

आयनोग्रामवर इतका वेळ सुईने काढल्यासारखी असलेली रेघ पहिल्यांदा जाड होते, मग शाईचा बोळा फिरवल्यासारखी फासटते. याला स्प्रेड एफ म्हणतात; बुकर आणि वेल्स यांनी १९३८ मध्ये त्याचा अर्थ लावायचा पहिला प्रयत्न केला. आत चाललेलं खरं रूप दिसलं १९७६ मध्ये, वुडमन आणि ला ओस यांनी हिकामार्काच्या रडारवरून काढलेल्या नकाशांत: तळातून उठणारे धुराचे लोट. फासटलेल्या आयनोग्रामवरून कमाल वारंवारता वाचू नये. वाचता येत नाही म्हणून रकाना रिकामा सोडणं हेच खरं मोजमाप.

रात्रीच्या आभाळाचा क्षीण तांबडा उजेड टिपण्यासाठी ६३० नॅनोमीटरचा अरुंद फिल्टर लावलेल्या, सगळं आभाळ टिपणाऱ्या कॅमेऱ्यात तेच बुडबुडे उत्तर-दक्षिण काळ्या पट्ट्यांसारखे दिसतात आणि पूर्वेला सेकंदाला शंभर-सव्वाशे मीटरने सरकत राहतात. चंद्र असला तर घरी बसावं.

जीपीएसला याचा सर्वात जास्त त्रास शिखरांवर होतो, कारण तिथे दाटी मोठी. त्याच्या लहरीला बाधते ती सुमारे ३६५ मीटरची खडबड. ती शंभर मीटर वेगाने सरकली की दर तीन-चार सेकंदांनी संकेत बुडतो आणि वर येतो. उपग्रहाची वाट आणि बुडबुडा एकाच दिशेने सारख्या वेगाने जात असतील तर बुडणं लांबतं आणि रिसीव्हरची पकडच सुटते. संकेताची ही लुकलुक मोजायला सेकंदाला पन्नास नोंदी लागतात. तीस सेकंदांच्या फायली असतील तर टीईसीच्या मिनिटागणिक बदलाचं पाच मिनिटांतलं प्रमाण विचलन काढावं. अर्ध्या एककापुढे गेलं की बुडबुडा समजावा. मात्र कलेतली सुटलेली आवर्तनं आधी वेगळी काढली नाहीत तर पकड सुटणंच बुडबुडा म्हणून मोजलं जातं.

मध्यरात्रीनंतरचे तास रेंगाळत गेले.

बुडबुडे कुठल्या महिन्यांत जास्त, हे ऋतूचं कोडं सुटलेलं आहे. संधिप्रकाशाची रेषा आणि चुंबकीय रेखावृत्त समांतर आली की बलरेषेच्या दोन्ही टोकांच्या ई थरांत एकदमच अंधार होतो आणि उसळी जोरात येते. त्सुनोदा यांनी १९८५ मध्ये हे मांडलं. भारताच्या रेखांशावर ते विषुवदिनांच्या आसपास घडतं, अटलांटिकवर डिसेंबरात. खालच्या हवेचाही हात आहे: उष्ण कटिबंधातल्या गडगडाटी पावसाची उष्णता भरतीच्या लाटा वर पाठवते आणि शिखरांवर पृथ्वीभोवती चार ठिकाणी फुगवटे येतात, हे ‘इमेज’ नावाच्या उपग्रहाच्या चित्रांवरून २००६ मध्ये पुढे आलं. चुंबकीय वादळात ध्रुवांकडचं क्षेत्र काही मिनिटांत विषुववृत्तावर पोचून चढण वाढवतं, आणि काही तासांनी ढवळलेले वारे उलटं क्षेत्र लावून तीच दाबतात.

न सुटलेलं कोडं उद्याचं आहे. पहाटे सहाला सूर्याने बुडबुड्यांच्या चिरा भरून टाकल्या, आयनोग्रामची रेघ पुन्हा सुईसारखी झाली. दुसऱ्या संध्याकाळी ऋतू तोच, सूर्य तेवढाच, वादळ नाही, तळ तितकाच वर गेला. साडेसात, आठ, नऊ वाजले. रेघ स्वच्छच राहिली.